पहिले गाणे कोणते?

गायकाच्या अल्बममध्ये आठ-दहा गाणी असतात, मराठी चित्रपटात चार-पाच. ती सगळी एकाच दिवशी लोकांपुढे येत नाहीत. एक गाणे आधी जाते, काही आठवडे तेच वाजत राहते आणि बाकीची ऐकायची की नाही हे लोक त्याच्यावरून ठरवतात. संगीत व्यवसायात त्याला लीड सिंगल म्हणतात. मराठी निर्माते नुसते पहिले गाणे म्हणतात. ते संचातले सर्वांत चांगले गाणे असावे, अशी बाहेरच्यांची समजूत असते. या कामात मुरलेल्या माणसांचा हिशेब वेगळा असतो. सर्वांत चांगले कोणते यावर स्टुडिओतल्या चौघांची चार मते असतात आणि तो वाद कधी मिटत नाही. पहिले गाणे ठरवताना पाहायचे असते ते एवढेच, की ते सर्वांत आधी कोणाच्या हाती पडणार आणि तो माणूस ते पुढे सोडणार का. श्रोत्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर कोणी ना कोणी राखणदार बसलेला असतो. निवड त्याच्याकडे पाहून होते.

हा राखणदार काळाबरोबर बदलत गेला. तबकडीचा दुकानदार गेला, आकाशवाणीचा कार्यक्रम अधिकारी आला. मग कॅसेटचा ठोक व्यापारी, एफएम केंद्राचा संगीतप्रमुख, मोबाइलच्या दुकानातला पोरगा आणि आता रील. जालना जिल्ह्यातून पाहिले तर हा क्रम जास्त स्पष्ट दिसतो. मुंबई-पुण्यात एकाच वेळी अनेक वाटा खुल्या असतात. जालन्याचे कान मात्र कायम बाहेरच्या केंद्रांकडे लागलेले होते. जे गाणे इथवर पोचले त्याला कोणी पोचवले, हे इथे नेमके सांगता येते.

तबकडी आणि आकाशवाणी

७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. दोन बाजू, दोन गाणी. दुकानदार गिऱ्हाइकाला कोणती बाजू ऐकवणार, इथून या प्रश्नाची सुरुवात झाली. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली आणि ती महाराष्ट्रभर गेली. मराठी भावगीताच्या इतिहासात या तबकडीचे नाव पहिल्या काहींत घेतले जाते. पुढे जोशी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीतच ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. कोणते गाणे तबकडीवर जावे हे ठरवणाऱ्यांत एक गायक असावा, ही त्या काळच्या मराठी गाण्याला लाभलेली मोठी जमेची बाजू होती.

रेडिओ या भागात आला तो निजामाच्या राज्यातून. हैदराबादच्या डेक्कन रेडिओचे एक केंद्र औरंगाबादला होते. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आले आणि १९५३ मध्ये बंद झाले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. केंद्र बंद झाल्यावर मराठवाड्यातल्या श्रोत्याला मराठी गाण्यासाठी पुणे-मुंबईच्या लहरी शोधत बसावे लागले. १९६८ मध्ये परभणीचे केंद्र सुरू झाले आणि पुढच्या दशकात औरंगाबादचेही, तेव्हा कुठे घरचा म्हणावा असा आवाज जालन्याच्या घराघरांत आला.

याच काळात रेडिओवर वाजणे आणि गाणे लोकप्रिय होणे यांचा संबंध देशाला एका उलट्या प्रयोगातून कळला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीत हलके वाटे. आकाशवाणीवरून त्याची वेळ कमी झाली आणि चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे म्हणून तेही बंद झाले. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. श्रोते मात्र थांबले नाहीत. त्यांनी सुई सरकवून रेडिओ सिलोन लावला. ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तिथून सुरू झाली आणि दर बुधवारची रात्र तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आकाशवाणीला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. वाजवणाऱ्याने दार लावले तर गाणे मरत नाही, दुसरे दार शोधते, एवढे त्या पाच वर्षांत सिद्ध झाले.

गीतमालेच्या क्रमवारीसाठी तबकड्यांच्या विक्रीचे आकडे घेतले जात आणि त्यांच्या जोडीला श्रोता संघांची पत्रेही. नुसत्या विक्रीवर विसंबले तर एखादा निर्माता स्वतःच तबकड्या उचलून आपले गाणे वर ढकलू शकतो, हे चालवणाऱ्यांना ठाऊक होते. रेडिओच्या क्रमवारीवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न त्या वेळेपासूनचा आहे.

पहिले गाणे निवडण्याचा प्रश्नच येऊ न देता नवे संगीत लोकांपर्यंत नेण्याचा सर्वांत मोठा मराठी प्रयोगही रेडिओचाच. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत आणि त्याच आठवड्यात त्याचे पुनःप्रसारण, अशी ५६ गीते वर्षभर चालली. इथे क्रम कथेने ठरवलेला होता, कोणाला निवडायचे नव्हते. पण एकच चाल आठवड्यात पुन्हा कानावर पडली की ती घरातली होते, हे पुण्याच्या केंद्राने व्यापारी रेडिओचे गणित इकडे येण्याच्या कितीतरी आधी दाखवले. १९६८ मध्ये रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून तेच मांडले: माणसाला जे पुन्हा पुन्हा भेटते ते त्याला, कारण नसतानाही, आवडू लागते.

परभणी आणि औरंगाबाद केंद्रांवर स्थानिक गायकाला शिरायचे तर आवाजाची चाचणी द्यावी लागे. त्यात उतरला की श्रेणी मिळे. बहुतेकांची सुरुवात ‘ब’ श्रेणीने होई. दोन-तीन महिन्यांतून एकदा बोलावणे येई, ठरलेल्या मिनिटांत भावगीते किंवा लोकगीते ध्वनिमुद्रित होत आणि मानधनाचा धनादेश मिळे. कोणते गीत आधी गायचे याची निवड गायकाची असली तरी गीत मंजूर यादीतले लागे. त्यामुळे कलाकार आपले सर्वांत निर्धोक गीत पुढे करत. शब्द स्वच्छ, चाल सोपी, वाद्यांचा गोंगाट नाही. आकाशवाणीच्या काळातली मराठवाड्यातली गाणी ऐकताना जो एकसारखा सोज्ज्वळपणा जाणवतो, तो या दारातून आत येण्यासाठी घेतलेल्या काळजीचा आहे. गाणे वाजल्यानंतर त्याचे काय झाले हे कळायला साधन एकच होते, पोस्टकार्ड. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांना येणाऱ्या पत्रांत गाण्याबरोबर पाठवणाऱ्यांची नावे वाचली जात आणि आपले नाव रेडिओवर यावे म्हणून गाणे मागणारेही पुष्कळ असत.

कॅसेटचा काळ

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि रेडिओची गरजच नसलेली एक बाजारपेठ उभी राहिली. टी-सीरीज, व्हीनस यांसारख्या कंपन्यांनी प्रादेशिक गाण्यांना हात घातला. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, पुढे आनंद शिंदे यांचे ‘जवा नवीन पोपट हा’ ही गाणी आकाशवाणीच्या मंजुरीसाठी थांबली नाहीत. ती ट्रकमध्ये, चहाच्या टपरीवर आणि मंडपातल्या कर्ण्यावर वाजली.

इथे पहिले गाणे म्हणजे ‘अ’ बाजूचे पहिले गाणे. त्याचे कारण दुकानाच्या फळीवर होते. गिऱ्हाईक नवी कॅसेट मागे, दुकानदार वेष्टन फोडून ती डेकमध्ये घाली आणि पहिले गाणे सुरू होई. पुढे-मागे फिरवून दाखवायला त्याला वेळ नसे. अर्ध्या मिनिटात मान हलली तर विक्री, नाहीतर कॅसेट परत फळीवर. यामुळे लांबलचक आलाप आणि वाद्यांचा फेरा पहिल्या गाण्यातून गेला. ढोलकीचा तोडा आणि लगेच मुखडा, अशी घडण पक्की झाली. बैठकीतली शांत गाणी ‘ब’ बाजूला गेली. कॅसेट कंपन्यांचे प्रतिनिधी जालन्यातल्या बाजारात फिरत तेव्हा दुकानदाराला विचारत ते हेच, की लोक किती सेकंद थांबतात.

भीमजयंतीसाठी दरवर्षी नवी गाणी निघण्याची प्रथा या काळात रुजली. १४ एप्रिलच्या आधी कॅसेट बाजारात हवी आणि मिरवणुकीत तिचे एक तरी गाणे वाजायला हवे, ही त्या व्यवसायाची वेळ होती. यातले कोणते गाणे चालेल हे मिरवणूक ठरवी. रेडिओचा त्यात वाटा नव्हता, आणि तरी मराठवाड्यातल्या लोकगायकीची एक मोठी परंपरा तिथूनच पोसली गेली.

एफएम केंद्रात

केंद्र सरकारने २००५ मध्ये खासगी एफएमचे दुसरे धोरण आणले, तेव्हा महानगरांबाहेरच्या शहरांत खासगी केंद्रे सुरू झाली. पुढचे लिलाव २०१५ मध्ये झाले. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादेत, रेडिओ मिर्चीसारखी केंद्रे आली. त्यांचा आवाज रस्त्याने बदनापूरपर्यंत ठणठणीत येतो, पुढे अंबड, परतूर, मंठा या बाजूंना तो विरळ होत जातो. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नसल्याने त्यांचा सगळा भार गाण्यांवर असतो. म्हणूनच या काळात वाजण्याला बाजारभाव आला.

केंद्रात गाणे निवडण्याचे काम निवेदक करत नाही, असे कळले की श्रोत्यांना नवल वाटते. संगीतप्रमुख गाण्यांचे गट पाडतो. नव्या, तापलेल्या गाण्यांचा गट सर्वांत लहान असतो आणि दिवसात सर्वांत जास्त वेळा फिरतो. त्याखाली गेल्या काही महिन्यांतली, मग जुनी, मग सदाबहार. कोणत्या तासात कोणत्या गटातले गाणे कितव्या क्रमाने यावे, याची आखणी संगणकावर होते. सलग दोन संथ गाणी येऊ नयेत, एकच आवाज तासात दोनदा येऊ नये, अशा अटी त्यात घातलेल्या असतात. नव्या गाण्याला वरच्या गटात जागा मिळाली तर ते आठवडाभरात लोकांच्या तोंडी बसते. खालच्या गटात पडले तर ते वाजले की नाही हे संगीतकारालाही कळत नाही.

त्या गटात जागा मिळवण्यासाठी गाण्याची अंगकाठी पाहिली जाते. लांबी साडेतीन-चार मिनिटांच्या आत हवी, नाहीतर रेडिओसाठी वेगळी छाट करावी लागते. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा असला तर निवेदकाला सोयीचा. माइक वर करून तो गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि एक वाक्य त्या तुकड्यावर बोलतो आणि पहिला शब्द गळ्यातून निघायच्या आत थांबतो. सरावलेला निवेदक घड्याळाकडे न पाहता हे करतो. तुकडा तीस सेकंदांचा असेल तर त्याला बोलणे ताणावे लागते आणि सुरुवातीलाच शब्द असतील तर त्याला बोलायलाच मिळत नाही. दोन्ही प्रकारची गाणी मागे पडतात. चाचणीची एक रीत अशी की श्रोत्यांना फोनवर गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा, ओळखू येईल असा तुकडा ऐकवायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: ओळखीचे वाटते का, आवडते का, कंटाळा आला का. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वाढली की गाणे वरच्या गटातून उतरते.

पैशाचा व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे. गाणे वाजवल्याबद्दल केंद्राने कंपनीला पैसे द्यायचे की गाणे वाजवून घेण्यासाठी कंपनीने केंद्राला, हा झगडा सगळ्या जगात झाला. अमेरिकेत १९५९-६० मध्ये निवेदकांनी पैसे घेऊन गाणी वाजवल्याची संसदीय चौकशी झाली आणि १९६० मध्ये उघड न करता पैसे घेणे बेकायदा ठरले. भारतात वाद मानधनाच्या बाजूने पेटला. केंद्रांनी किती द्यावे यावर वर्षानुवर्षे खटले चालले. २५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट बोर्डाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला आणि कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारकांना कायद्याने परवाना मिळण्याची तरतूद झाली. या सगळ्याचा लहान निर्मात्याशी संबंध असा, की केंद्राला ज्या गाण्याचे पैसे द्यायचे आहेत ते आधीच गाजलेले असावे, असे त्याला वाटते. म्हणजे गाणे गाजवण्यासाठी रेडिओ हवा, आणि रेडिओवर जाण्यासाठी गाजलेले गाणे हवे. जिल्ह्यातला नवा गायक या फेऱ्यात अडकतो.

मोजमापाचीही तीच कथा. श्रोत्यांची मोजणी करणारी रॅम ही पद्धत २००७ मध्ये सुरू झाली ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशा महानगरांत. निवडक घरांना रोजनिशी देऊन कोण काय ऐकतो याची नोंद घेतली जाई. जालना, परतूर, भोकरदन त्या नकाशावर कधी आले नाहीत. मुंबईत बसून पहिले गाणे ठरवणाऱ्यापुढे जे आकडे असत, त्यांत या जिल्ह्याच्या आवडीचा एकही ठिपका नसे.

मोठ्या नावांचे निर्णय

पहिल्या गाण्यामागचे गणित सर्वांत उघडे पडते ते मोठ्या कलाकारांच्या बाबतीत. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या अल्बममधून ऑक्टोबर १९८२ मध्ये पहिले आले ते पॉल मॅकार्टनीबरोबरचे सौम्य द्वंद्वगीत, ‘द गर्ल इज माइन’. आज अल्बमचे नाव काढले की ते कोणाला आठवत नाही. पण एका कृष्णवर्णीय गायकाबरोबर बीटल्स बँडचा माजी सदस्य गातो आहे म्हटल्यावर कोणत्याही केंद्राला ते गाणे नाकारता येत नव्हते. वाट मोकळी झाली आणि जानेवारी १९८३ मध्ये ‘बिली जीन’ आले, ज्याच्यासाठी लोक तो अल्बम आजही ऐकतात. त्या अल्बमची सात गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण नो डाउट या बँडचे. ‘डोंट स्पीक’ हे त्यांचे गाणे १९९६-९७ मध्ये अमेरिकी रेडिओवर आठवडेच्या आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, पण सुटी तबकडी विक्रीला न काढल्यामुळे बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य यादीत ते आलेच नाही. लोकांनी अल्बम विकत घ्यावा म्हणून कंपन्या तसे मुद्दाम करत. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला आणि नुसते वाजलेले गाणेही यादीत धरले जाऊ लागले.

मराठीत अलीकडची दोन उदाहरणे पाहावीत. २९ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या ‘चंद्रमुखी’ या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी दोन वेगळ्या स्वभावाच्या लावण्या केल्या होत्या. श्रेया घोषाल यांनी गायलेली ‘चंद्रा’ ही फडावरची, ठसक्याची; आर्या आंबेकर यांनी गायलेली ‘बाई गं’ ही बैठकीची, संथ. आधी बाहेर पडली ती ‘चंद्रा’. जाणकारांची पसंती ‘बाई गं’कडे जास्त दिसते, पण चित्रपटाची हाळी द्यायची तर ढोलकीच हवी होती, आणि तो निर्णय बरोबर ठरला.

दुसरे उदाहरण २८ एप्रिल २०२३ रोजी आलेल्या ‘महाराष्ट्र शाहीर’चे. चित्रपट शाहीर साबळे यांच्यावरचा. त्यांच्या आवाजात घरोघरी पोचलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला त्याच वर्षी राज्यगीताचा मान मिळालेला. एवढा ठेवा हाताशी असताना चित्रपटाची ओळख तरुणांना झाली ती ‘बहरला हा मधुमास’ या नव्या, गोड प्रेमगीतातून. शाहिरांचे नाव ज्यांना माहीत होते त्यांना चित्रपटगृहात आणण्यासाठी गाण्याची गरज नव्हती. ज्यांना माहीत नव्हते त्यांच्यासाठी ते गाणे होते.

जालन्यातले काम

जालना जिल्ह्यात गाणे काढणारा बहुधा ऑर्केस्ट्राचा गायक असतो, शाहीर असतो, कलापथकातला वादक असतो किंवा संगणकावर संगीत जुळवणारा विशी-पंचविशीतला मुलगा. स्टुडिओ म्हणजे घराची एक खोली, भिंतीला चिकटवलेला फोम आणि एक माइक. खर्च मर्यादित असल्यामुळे पाच गाणी तयार असली तरी चित्रीकरण एकाचेच होते. त्यामुळे इथे पहिले गाणे चुकले तर दुसऱ्याची पाळी येत नाही. मोठ्या कंपनीला दुसऱ्या गाण्याने सावरता येते, जिल्ह्यातल्या गायकाला ती मुभा नसते.

वेळेची निवड गाण्याच्या निवडीइतकीच महत्त्वाची. बियाण्यांच्या कंपन्यांमुळे जालन्याचे नाव देशभर आहे. महिकोची सुरुवात इथली, १९६४ मधली. मे-जूनमध्ये रेडिओवर बियाणे आणि खतांच्या जाहिराती दाटीने असतात आणि ऐकणाऱ्यांचे चित्त आभाळाकडे असते. त्या दिवसांत गाणे सोडणे म्हणजे ते वाया घालवणे. दसऱ्यानंतर अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडची माणसे ऊसतोडीला निघतात. तेव्हा ट्रॅक्टरवर वाजणारे गाणे त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जाते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. कापसाचे आणि सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, नवे कपडे, नवी गाणी यांना तेव्हाच गिऱ्हाईक असते. त्यानंतर १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती आणि भाद्रपदात गणपती. प्रत्येक तारखेच्या तीन-चार आठवडे आधी गाणे बाहेर हवे, म्हणजे बँड आणि डीजे यांच्या यादीत ते शिरते.

निवडीची खरी चाचणी बँडवाल्याकडे होते. बँडमास्तर मोबाइल कानाला लावून मुखडा दोनदा ऐकतो. मग क्लॅरिनेट तोंडाला लावून ओळ काढून पाहतो. पहिल्या झटक्यात सूर सापडले तर तो ढोलवाल्याकडे बघतो आणि ढोलवाला आपणहून ठेका धरतो. मुखड्यात गुंतागुंतीची हरकत असेल तर मास्तर ती सोडून सरळ सूर वाजवतो. ती सोडूनही गाणे ओळखू आले, तर ते परण्यात आणि वरातीत चालणार. हरकत काढल्यावर गाण्यात काहीच उरले नाही, तर ते गायकाच्या गळ्यासाठी आहे, लोकांच्या नाचासाठी नाही, आणि ते दुसरे-तिसरे म्हणूनच यावे. गाणे परखण्याची इतकी स्वस्त आणि इतकी कडक पद्धत एफएमच्या कोणत्याही चाचणीत नाही.

दुसरी चाचणी प्रवासात होते. जालना ते भोकरदन किंवा जालना ते मंठा धावणाऱ्या जीपमध्ये पेनड्राइव्ह लावलेला असतो. इंजिनाच्या आवाजात बारीक वाद्ये ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो ठेका आणि गळा. स्टुडिओत सुंदर वाटलेली बासरी इथे नाहीशी होते. त्यामुळे अनुभवी संगीतकार अंतिम मिश्रण महागड्या स्पीकरवर पास करत नाहीत. ते आधी मोबाइलच्या स्पीकरवर, मग गाडीत ऐकतात. २०१० च्या आगेमागे मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता. दुकानातला पोरगा नव्या गाण्यांचा एक गठ्ठाच कार्डात टाकी. त्या गठ्ठ्यात पहिल्या वीसांत आपले गाणे यावे म्हणून गायक स्वतः दुकानोदुकानी फिरत. कलाकाराला त्यातून एक पैसा मिळत नसे, पण पुढच्या हंगामाच्या सुपाऱ्या मिळत.

रील आणि रेडिओ

२०१६ मध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले. त्याच वर्षी ‘सैराट’ आला, आणि त्यातल्या चार गाण्यांपैकी ‘झिंगाट’ने वरातींचा ताबा घेतला. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच इन्स्टाग्रामच्या रील सुरू झाल्या. जालन्याच्या उत्तरेला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड हा या नव्या वाटेचा ठळक नमुना. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले त्याचे ‘गुलाबी साडी’ देशभर आणि देशाबाहेर रीलवर नाचले गेले. या गाण्यामागे कोणताही चित्रपट नव्हता. त्याला रेडिओने मोठे केले नाही. ते मोठे झाल्यावर रेडिओला ते वाजवावे लागले. क्रम उलटला. पूर्वी केंद्र गाणे लोकांना सांगे, आता लोक केंद्राला सांगतात.

यामुळे रेडिओचे महत्त्व संपले असे मानणे घाईचे होईल. रील गाण्याचे पंधरा सेकंद पसरवते. मुखडा सर्वांना पाठ होतो, अंतरा कोणालाच नाही. पूर्ण गाणे ऐकवण्याचे काम अजून रेडिओ करतो. गॅरेजमध्ये, किराणा दुकानात, पहाटेच्या एसटीत तो लागलेला असतो आणि ऐकणाऱ्याचे हात कामात असल्याने तो गाणे पुढे ढकलत नाही. चाळिशीपुढचा श्रोता, जो लग्नाचा खर्च करतो आणि बँड ठरवतो, त्याच्यापर्यंत गाणे नेणारे हे साधन आहे. शिवाय आकाशवाणीच्या श्रेणीला सरकारी कार्यक्रमांत आणि महोत्सवांत आजही किंमत आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतल्या कार्यक्रमांवर भर दिला. लहान शहरांत केंद्रे वाढली तर स्थानिक गायकाला पहिल्यांदाच आपल्या शहरातले दार ठोठावता येईल.

एवढ्या सगळ्या काळांतून एक निष्कर्ष कायम राहतो. वाजणे गाण्याला ओळख देते, आयुष्य देत नाही. वारंवार वाजलेले गाणे हंगामभर टिकते. त्यानंतर त्याचा निकाल लोक लावतात, आणि पुष्कळदा तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाण्याच्या बाजूने लागतो. म्हणून पहिल्या गाण्याकडून वाट मोकळी करण्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये आणि संचातले सर्वांत जपलेले गाणे केवळ आवडते म्हणून पुढे ढकलू नये. जालना जिल्ह्यात गाणे काढणाऱ्या नव्या मुलांनी दोन हिशेब वेगळे मांडावेत: कोणी वाजवले, आणि कोणी मागून वाजवून घेतले. पहिल्या आकड्यावर यंदाची सुपारी मिळते, पुढच्या वर्षीची मिळते ती दुसऱ्यावर.